पेटीला गायकी देणारे गोविंदराव टेंबे

पियानोतील हातोडी तारेवर पडली की उमटलेला स्वर लगेच विरू लागतो. तरीही या वाद्याने गळ्याप्रमाणे गावे असा आग्रह शोपँ (१८१०–१८४९) या पोलिश रचनाकाराने धरला, शिष्यांना मोठे गायक ऐकण्यास सांगितले, आणि त्याचा प्रभाव एवढा टिकला की देब्युसी या फ्रेंच रचनाकाराने १९१५ सालच्या आपल्या बारा पियानो-अभ्यासरचना त्याच्याच स्मृतीस अर्पण केल्या. महाराष्ट्रात पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, बाबतीत असेच स्थान गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे आहे.

पेटीची अडचण मात्र निराळी आहे. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर वाजणाऱ्या तारप्यात वादकाच्या न तुटणाऱ्या श्वासाने बांबूची जीभ कंप पावते, तशीच पेटीत भात्याच्या हवेने पितळेची पत्ती कंप पावते. त्यामुळे स्वर हवा तितका टिकतो, परंतु प्रत्येक पट्टीचा स्वर बांधलेला असल्याने एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारी मींड निघत नाही, आणि सप्तकाचे बारा समान भाग पाडणाऱ्या पाश्चात्त्य जुळणीमुळे रागातील सूक्ष्म स्वरही नेमके लागत नाहीत. मींडेचा भास निर्माण करायचा तर कणस्वर, म्हणजे शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श, आणि भात्यावरील ताबा यांचाच आधार उरतो. भास्करबुवा बखले यांची साथ करणाऱ्या आणि अल्लादियाखाँ यांच्या गायकीने भारावलेल्या टेंबे यांनी या मर्यादित वाद्यातून गायकी उभी केली, हे त्यांचे खरे कर्तृत्व होय.

ते रचनाकारही तेवढेच मोठे होते. खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’ (१९११) या नाटकापूर्वी पदे बहुधा प्रचलित चालींवर बेतली जात. टेंबे यांनी मात्र या नाटकासाठी स्वतंत्र संगीतकार म्हणून काम केले आणि ठुमरी, कजरी या पूरबी ढंगांचा रंग मराठी पदांत आणला. पुढे ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटाला त्यांनी संगीत दिले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली.

आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, तरी एकल पेटीवादनाची परंपरा खंडित झाली नाही. पी. मधुकर, त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर आणि गोविंदराव पटवर्धन यांनी ती समृद्ध केली. आजही नाट्यपद वाजवताना ऐकणाऱ्याला शब्द ऐकू आल्याचा भास व्हावा, हीच पेटीवादकाची कसोटी मानली जाते, आणि ती रूढ करण्यात टेंबे यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.