ट्रायकोग्रामा : एक वंश आणि त्याचे वर्गीकरण

वर्गीकरण म्हणजे पाठ करावयाची नावांची यादी, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. एका नावावर शेतकऱ्याचे पीक कसे अवलंबून असते, हे समजावून देण्यास ट्रायकोग्रामा या परोपजीवी गांधीलमाशीचे उदाहरण उपयोगी पडावे.

ही माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची असते. मादी पतंगाच्या अंड्याला छिद्र पाडून आत स्वतःचे अंडे घालते. तिची अळी आतील द्रव्यावर पोसली जाते. परिणामी पीक पोखरणारी अळी जन्मालाच येत नाही. तीन-चार दिवसांत ते अंडे काळे पडते आणि पुढे त्यातून नव्या माश्या बाहेर येतात.

तिचे स्थान असे : संघ संधिपाद, वर्ग कीटक, गण हायमेनॉप्टेरा, कुल ट्रायकोग्रामॅटिडी. मुंग्या व मधमाश्या याच गणातील होत. पायाच्या टोकाकडील भाग तीनच खंडांचा असणे, ही या कुलाची खूण. वेस्टवूड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये हा वंश स्थापन केला. नावातील ग्रीक शब्दांचा अर्थ 'केस' आणि 'रेषा' असा आहे. पंखांवरील बारीक केस रांगांत असतात. मराठीत 'प्रजाती' हा शब्द कोठे वंशासाठी, तर कोठे जातीसाठी वापरला जातो. म्हणून वर्गात 'वंश' आणि 'जाती' हेच शब्द वापरणे बरे.

या वंशात २०० हून अधिक जाती आहेत. त्या ओळखणे मात्र कठीण. तापमानानुसार माशीचा रंग बदलतो आणि ज्या अंड्यात ती वाढली त्याच्या आकारमानानुसार तिचे शरीर लहानमोठे होते. यामुळे नावांचा मोठा गोंधळ झाला. भारतात 'ऑस्ट्रॅलिकम' म्हणून दीर्घकाळ ओळखली गेलेली माशी आज 'किलोनिस' या जातीत मोडते. हा गुंता सोडविण्यात भारतातील संशोधक सुधा नगरकट्टी आणि एच. नागराज यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी १९६८ मध्ये संकराचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि १९७१ मध्ये नराच्या जननेंद्रियाची रचना हीच भरवशाची खूण असल्याचे दाखविले.

पण नरच नसेल तर? काही ठिकाणी या माशीच्या केवळ माद्याच आढळतात. १९९० मध्ये सिद्ध झाले की याचे कारण जीवाणू आहे. प्रतिजैविक दिल्यावर पुन्हा नर जन्मू लागले. पुढे या जीवाणूची ओळख वोल्बॅकिया अशी पटली. अशा वेळी जात ठरविण्यास डीएनएचा आधार घेतला जातो.

हा खटाटोप केवळ पुस्तकी नव्हे. उसाच्या खोडकिडीसाठी किलोनिस, तर भाताच्या खोडकिडीसाठी जॅपोनिकम ही जाती सोडली जाते. जात चुकली तर पैसा आणि हंगाम दोन्ही वाया जाण्याचा धोका असतो. शिक्षकांनी एखादे ट्रायकोकार्ड वर्गात आणून त्यावरील काळी अंडी भिंगातून दाखवावीत. मग नाव का महत्त्वाचे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.