फोन काढून घेतला, पुरावाही गेला

मुलीला कुणीतरी घाणेरडे मेसेज पाठवतोय असं घरात कळलं की आपल्याकडे पहिली कारवाई मुलीवरच होते. फोन काढून घ्यायचा, सिम बदलायचं, इन्स्टाग्राम उडवायचं आणि वर ऐकवायचं, "सांगत होतो ना, नको ते धंदे!" रत्नागिरी काय, राजापूर काय, आईबापांचा हेतू वाईट नसतो. पण या घाईत छळणारा मोकळा राहतो आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा घरच्यांच्याच हातून जातो.

मुळात छळ फोनमुळे आला, हे खरं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या जेमतेम ३८ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हेच प्रमाण ६१.५ टक्के. त्याच पाहणीत लग्न झालेल्या साधारण चारांतल्या एकीनं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याची नोंद आहे. नेट हातात नव्हतं म्हणून कुणी सुखात होतं असं नाही.

"फोटो तूच पाठवलास ना? मग आता कसली तक्रार?"

सगळ्यांत जास्त मुली या वाक्यापाशी गप्प होतात, आणि हे वाक्य साफ चुकीचं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ म्हणतं की फोटो काढायला बाईची संमती असली, पण तो तिसऱ्याला दाखवायला नसली, तर पसरवणं हा गुन्हाच. एकाला विश्वासानं पाठवलेला फोटो म्हणजे गावाला दिलेली परवानगी नव्हे. फोटो तिचा नसून चेहरा जोडून बनवलेला असला, तरी समाजमाध्यमांना तो हटवावा लागतो. २०२१च्या नियमांनी अशा तक्रारीसाठी २४ तासांची मुदत घातली होती.

"पसरवीन" अशी नुसती धमकी आली असेल तरी वाट बघत बसायला नको. स्टॉपएनसीआयआय नावाची एक मोफत सोय २०२१च्या डिसेंबरपासून आहे. मुलगी स्वतःच्या फोनवर तो फोटो निवडते, त्यावरून आकड्या-अक्षरांची एक खूण तयार होते आणि फक्त ती खूण फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे जाते. फोटो फोनबाहेर जातच नाही. जुळणारा फोटो कुणी तिथं चढवू पाहिला तर तो अडवता येतो. व्हॉट्सॲपवरून हातोहात फिरणाऱ्या फोटोला मात्र ही खूण पुरी पडत नाही, हेही माहीत असावं.

"स्क्रीनशॉट काढलाय, आता चॅट उडव"

उडवू नका. स्क्रीनशॉट हवाच, पण त्यात तारीख, वेळ, समोरच्याचा नंबर दिसला पाहिजे. इन्स्टाग्रामवर नाव दोन मिनिटांत बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी करून ठेवावी. ब्लॉक त्यानंतर. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ चॅट असलेला फोन हाती असला की काम सोपं होतं. तोच फोन रागाच्या भरात फॉरमॅट मारणारे वडील असतात, त्यांना काय म्हणावं!

"तो दिल्लीचा की कुठला, इथले पोलीस काय करणार?"

आरोपी कुठला, हे शोधणं पोलिसांचं काम. लांज्याच्या मुलीनं लांज्यातच तक्रार द्यावी. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. पाठलाग, चोरून चित्रीकरण अशा गुन्ह्यांत जबाब महिला अधिकारीच नोंदवते. १९३० हा नंबर प्रामुख्यानं पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. धमकी देऊन पैसे उकळले असतील तर तिथं लगेच फोन करावा.

"नवऱ्यानं बायकोचा फोन बघितला तर बिघडलं कुठं?"

रत्नागिरीत हा प्रश्न जरा जास्तच लागू आहे. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कारण पुरुष मुंबईला. पूर्वी मनीऑर्डर यायची, आता दर तासाला व्हिडिओ कॉल येऊ शकतो: कॅमेरा फिरव, कोण आहे दाखव. न्याय संहितेचं कलम ७८ बाईच्या इंटरनेट, ईमेल वापरावर पाळत ठेवणं हा पाठलागाचाच प्रकार मानतं, आणि त्यात नवऱ्याला वेगळी सवलत लिहिलेली नाही.

"ॲप टाकलंय, आता काळजी नाही"

शेवटच्या एसटीत बसलेली मुलगी मैत्रिणीला तासाभराचं लाइव्ह लोकेशन पाठवते, हे शहाणपणच. पण घाटात रेंज गेली की ठिपका जागीच थांबतो. म्हणून गाडीचा नंबरही मेसेज करावा. ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर साध्या कॉलनं लागतो, त्याला नेट लागत नाही. डिसेंबर २०१२मध्ये सुरू झालेल्या सेफसिटी नावाच्या ऑनलाइन नकाशावर नाव न सांगता छेडछाडीची जागा नोंदवता येते आणि त्यातून एकाच नाक्यावर पुन्हापुन्हा काय घडतं ते दिसतं. ती नोंद म्हणजे पोलिसांतली तक्रार मात्र नव्हे.

मुलगी अठराच्या आतली असेल तर एक गोष्ट घरच्यांनी कटाक्षानं टाळावी. "हे बघ काय आलंय" म्हणून तो फोटो काकाला, मामाला फॉरवर्ड करायचा नाही. मुलांची अश्लील छायाचित्रं पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे. दाखवायचंच तर फोन घेऊन पोलीस ठाण्यात जावं आणि तिथंच उघडावा.