नव्या ऑर्किडबरोबर कोण आलं?

फॅलेनॉप्सिस किंवा डेंड्रोबियम घरी आणलंत, की फुलांआधी पानांची खालची बाजू पाहा. कीड बहुधा तिथे, नाहीतर पान खोडाला मिळतं त्या बेचक्यात दडलेली असते.

कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर बहुतेक पिठ्या ढेकूण. मध्यशिरेलगत चिकटलेले तपकिरी ठिपके खवले कीड असू शकतात. नखाने हलकेच खरवडा: ठिपका सुटून आला तर कीड, नाही सुटला तर पानावरचाच डाग.

पान चिकट लागतंय? मावा, पिठ्या ढेकूण आणि मऊ खवले कीड रस शोषून गोड स्राव सोडतात. त्यावर मुंग्या येतात, काळी बुरशी चढते. मात्र निरोगी ऑर्किडच्या कळ्यांवर आणि फुलांच्या दांड्यावरही मधुरसाचे स्वच्छ थेंब येतात. कीड कुठेच नसेल, तर हे थेंब निरुपद्रवी असतात.

फूल पांढऱ्या कागदावर झटका. जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे, लांबट जीव चालताना दिसले तर ते फुलकिडे. पानामागे चंदेरी, खरखरीत छटा असेल, तर भिंगातून कोळी शोधा. कोळ्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हे. म्हणून अनेक कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत.

काहीच सापडलं नाही, तरी नवं रोप तीन-चार आठवडे इतरांपासून दूर ठेवा आणि दर आठवड्याला तपासा. अंड्यांतून निघालेली खवले किडीची पिल्लं चालत शेजारच्या कुंडीत पोचतात. ती रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हे अंतर.