मार्लवाईचे गोंड मास्तर

नागपूर शहर ज्याने वसविले तो देवगडचा राजा बख्त बुलंद शाह गोंड होता, हे येथील शाळकरी मुलासही पाठ असते. परंतु याच शहराच्या सदर भागात, जेथे बिशप कॉटन आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांसारख्या दीडशे वर्षांच्या शाळांनी कचेऱ्यांना, न्यायालयांना आणि पलटणींना पिढ्यानपिढ्या माणसे पुरविली, तेथे त्या राजाच्या लोकांची भाषा कोणत्याही इयत्तेचा विषय झाली नाही. वास्तविक गोंडीची दखल येथे फार लवकर घेतली गेली होती. 1845 साली नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या आद्य गुरू लिंगोची कथा लिहून घेतली आणि 1863 मध्ये त्यांचा बुडून अंत झाल्यावर चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे 1866 साली छापून प्रसिद्ध केली. विद्वानांच्या कपाटात गोंडीला स्थान मिळाले. वर्गात मिळाले नाही.

ही तऱ्हा केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण डकोटा प्रांतात रोजबड आणि पाइन रिज या राखीव मुलखांत राहणाऱ्या लाकोटा लोकांची मुले 1879 साली शेकडो कोस दूर पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील सरकारी वसतिशाळेत नेण्यात आली, तेथे त्यांचे केस कापण्यात आले, नावे बदलण्यात आली आणि स्वभाषा बोलण्यास मनाई करण्यात आली. सिंते ग्लेस्का नावाचा त्यांचा प्रमुख पुढल्याच वर्षी शाळा पाहण्यास गेला आणि आपली मुले परत घेऊन आला. 1971 साली रोजबडच्या लोकांनी स्वतःचे महाविद्यालय काढले तेव्हा त्यास त्याचेच नाव दिले. ख्रिस्ती मिशनच्या शाळेत शिकलेल्या आल्बर्ट व्हाइट हॅट यांनी पुढे त्या मुलखातील शाळेत आणि नंतर या महाविद्यालयात लाकोटा भाषा शिकविली व तिचे पाठ्यपुस्तकही स्वतः सिद्ध केले. शाळेत विद्यार्थी म्हणून गेलेला मनुष्य अध्यापक होऊन आपल्याच लोकांत रुजू होतो, एवढीच वरवर साधी दिसणारी ही वाटचाल. पण ती घडण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आपल्या सीमेवर अशी वाट एकदा आखली गेली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. चंद्रपूरच्या दक्षिणेस लागून असलेला आदिलाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या अंमलाखाली होता आणि तेथील गोंड बाजारहाटापुरती मराठी सहज बोलत. बाहेरून आलेल्या सधन शेतकऱ्यांनी आणि सावकारांनी त्यांच्या वहिवाटीच्या जमिनी बळकावल्या (या आगंतुकांत मराठी बोलणारेही होते, हे आपण लपवू नये), जंगलखात्याने उरलेल्या रानावर हद्दीच्या खुणा ठोकल्या, आणि या साऱ्याची परिणती गोंडांच्या बंडात व 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात त्या बंडाचा गोंड नेता कुमराम भीम पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडण्यात झाली. बंडाची कारणे शोधण्यासाठी सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञास पाचारण केले. हा गृहस्थ आणि त्याची पत्नी बेटी मार्लवाई या गोंड खेड्यात झोपडी बांधून राहिले. गोंडाची जमीन जाते याचे एक मोठे कारण त्यास स्पष्ट दिसले: पट्टा, पावती, दरखास्त यांतील एक अक्षर गोंडास वाचता येत नाही, आणि वाचून दाखविणारा पटवारी त्याचा नसतो.

म्हणून 1943 साली मार्लवाईस जे केंद्र निघाले ते मुलांची शाळा काढण्यापूर्वी मास्तर घडविण्यासाठी निघाले. जेमतेम लिहितावाचता येणारे काही गोंड तरुण हुडकून त्यांना अध्यापनाचे शिक्षण देण्यात आले. गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली, आणि या तरुणांना आपापल्या टापूतील खेड्यांत नेमून मुलांचा ओनामा गोंडीतून करविण्यात आला. सरकारदरबारची उर्दू त्यानंतर येई. याच केंद्रातून पुढे गोंड पटवारी आणि जंगलरक्षकही तयार झाले. मला या योजनेचे सर्वांत शहाणपणाचे अंग हेच वाटते की, तिने शिक्षण आणि जमिनीचे दप्तर या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या नाहीत. मराठी वाचकास आणखी एका कारणाने ती जवळची वाटावी: शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना याच जिल्ह्यात आदिवासींच्या कामावर होते, आणि त्यांनी गोंडी भाषा शिकून तिच्यावर व त्या लोकांवर लेखन केले. साहेबाने अशिलाची भाषा शिकावी, हा प्रघात आपल्या नोकरशाहीत फार रुजला नाही.

निजामी संपली, 1956 साली भाषावार प्रांत झाले, आदिलाबादचा राजुरा तालुका मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात आला आणि उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. मोठ्या भाषांना हळूहळू राज्ये मिळाली. गोंडी मात्र कित्येक राज्यांत विभागली गेली आणि मार्लवाईच्या वर्गांतून तिची जागा तेलुगूने घेतली.

त्यानंतर हे काम एकेकट्या माणसांवर येऊन पडले. रामटेक तालुक्यातील दुलारा या खेड्यात 1949 साली जन्मलेले मोतीरावण कंगाली सदरच्या शेजारीच असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात नोकरी करीत, आणि ती सांभाळून त्यांनी गोंडीचे व्याकरण रचले, शब्दकोश सिद्ध केले, गोंड तत्त्वज्ञानावर अलीगढ विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. हंपीच्या व सिंधूच्या लेखचिन्हांचा त्यांनी गोंडीच्या आधारे लावलेला अर्थ बहुसंख्य विद्वानांना पटलेला नाही, आणि मलाही पटत नाही. तथापि त्यांचे व्याकरण आणि कोश त्यामुळे उणे ठरत नाहीत. 2015 मध्ये ते वारले. ज्या श्रमांसाठी रोजबडला महाविद्यालयाने अध्यापकाचे आसन दिले, ते येथे बँकेच्या वेळेनंतर करावे लागले.

2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे 29 लाखांहून अधिक निघाले. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात ती भाषा नाही. आदिवासी मुलांसाठीच्या आश्रमशाळांत मुलास भोजन, गणवेश, निवारा मिळतो. मास्तर बदलीची वाट पाहत असतो आणि पहिलीतले मूल त्याचे मराठी ऐकून गप्प बसते. 2019 साली गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षणखात्याने ती अनधिकृत ठरविली आणि ग्रामसभेला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठावावे लागले. गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि नाव त्याने गोंडांचे घेतले आहे. गोंडी बोलणाऱ्या तरुण-तरुणींना अध्यापक करून त्यांच्याच तालुक्यात नेमणूक देणारा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम त्याने चालवावा, सरकारने त्या नेमणुकांची हमी द्यावी, आणि मोहगावसारख्या शाळांना दंडाच्या नोटिशीऐवजी मान्यतेचा दाखला पाठवावा.