नवा कोळी म्हणजे नेमकं काय?



घटस्थापनेच्या आधी घर साफ करायला काढलं, की आपण लांब काठीला केरसुणी बांधतो आणि आढ्याची जळमटं उतरवतो. मागच्या कार्यक्रमात आम्ही सह्याद्रीत सापडलेल्या एका नव्या कोळ्याचा उल्लेख केला, तर गटातल्या एका मावशींनी लगेच विचारलं, "नवा म्हणजे काय गं? आत्ता जन्माला आला का? आमच्या परसात शंभर कोळी आहेत, त्यांना कुणी विचारत नाही!" प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू.

कोळी जुनाच असतो. आपल्या पणजीच्याही आधीपासून तो पानाखाली बसलेला आहे. नवी असते ती त्याची लेखी नोंद. शेतात जन्म घातला, तरी सातबाऱ्यावर नाव नसेल तर तलाठ्याच्या लेखी आपण कोण? कोळ्याचंही तसंच. उद्या एखादं रान तुटलं, तर तिथं काय काय होतं याच्या यादीत बिननावाचा कोळी येतच नाही. तो गेला हेसुद्धा कुणाला कळत नाही.

ज्याच्याबद्दल आम्ही बोललो, त्याचं नाव मिओटिपा सह्याद्री. सिद्धार्थ कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याची ओळख छापली, न्यूझीलंडहून निघणाऱ्या झूटॅक्सा नावाच्या शास्त्रीय नियतकालिकात. त्याच लेखात आसामच्या उल्टापानी इथल्या एका भावंडालाही नाव मिळालं, मिओटिपा उल्टापानी. नावं ऐका, दोन्ही आपापल्या गावची आहेत.

हे कोळी ज्या घराण्यातले, त्यात अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत. चाकासारखं देखणं जाळं यांना जमत नाही. यांचा असतो नुसता गुंता. पण त्या गुंत्याला गबाळा म्हणू नका! अनेकांच्या जाळ्यातले काही धागे खाली जमिनीपर्यंत ताणलेले असतात आणि त्यांच्या टोकाला चिकट थेंब असतात. मुंगी चालता चालता धडकली, की धागा जमिनीपासून सुटतो, मुंगी त्याला चिकटते आणि वर ओढली जाते. मग कोळी तिच्याकडे पाठ करतो आणि मागच्या पायांनी तिच्यावर चिकट रेशीम फेकतो. त्या पायांवर दातेरी केसांची रांग असते, थेट आपल्या फणीसारखी. मिओटिपाची आणखी एक खूण म्हणजे अंगावरचे आणि पायांवरचे चपटे, खवल्यासारखे केस. जीव तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि राहायला पानाची खालची बाजू.

आता नाव द्यायचं कसं? आपल्याला वाटतं रंग बघितला, झालं. पण रंग फसवतो. एकाच जातीत एक पिवळा, दुसरा तपकिरी निघतो. म्हणून अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली प्रजननाचे अवयव बघतात. लाजू नका, शास्त्रच आहे. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड पायांसारखे अवयव असतात, त्यांच्या टोकांनी तो मादीला बीज देतो. मादीच्या पोटाखाली त्याला जुळणारी रचना असते. कुलूप आणि किल्लीच म्हणा. जवळजवळ प्रत्येक जातीचं कुलूप वेगळं. ते कोळी वयात आल्यावरच पुरतं तयार होतं, म्हणून पिल्लू सापडलं तर कधी कधी बाटलीत माश्या घालून त्याला वाढवतात आणि शेवटची कात टाकेपर्यंत थांबतात.

मग सुरू होतं खरं चिकाटीचं काम. आजवर नावं दिलेल्या जवळच्या सगळ्या जातींशी ताडून बघायचं. कोळ्यांच्या नावांची गणती १७५७ सालच्या एका स्वीडिश पुस्तकापासून धरतात. नियमाप्रमाणे आधीचं नाव ते खरं. दीडशे वर्षांपूर्वी कुणी त्याच कोळ्याला नाव देऊन ठेवलं असेल, तर आपलं नाव बाद. कोळ्यांची एक जागतिक यादी आहे. तिनं २०२२ साली ५०,००० जातींचा आकडा ओलांडला.

मावशींनी पुढं विचारलं, "आणि त्या कोळ्याचं काय झालं?" खरं सांगायचं तर तो मेला. ज्यावरून ओळख लिहिली तो मूळ नमुना साधारण सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये घालून संग्रहालयात जपतात, कारण पुढं कुणाला शंका आली तर पडताळायला तोच लागतो. आम्हालाही हे ऐकून वाईट वाटलं. पण एका फवारणीत शेताच्या कडेचे किती कोळी जात असतील, त्यांची तर आपण मोजदादही करत नाही.

तर मावशी, तुमच्या परसातल्या शंभरांपैकी बहुतेकांना नावं आधीच मिळालेली असतील. पण कुंपणाच्या पानांची मागची बाजू कुणी पाहिली आहे का? सकाळी बघा. हात लावू नका. मोबाइलवर एक फोटो वरून, एक बाजूनं, एक जाळ्यासकट काढा, आणि दिवस, झाड, जागा वहीत टिपून ठेवा. नुसत्या फोटोवरून नवी जात ठरत नाही, पण कुठं शोधायचं ते अभ्यासकाला कळतं. आणि पानाखाली कोळीण अंड्यांची पिशवी सांभाळत बसलेली दिसली, तर ते पान तेवढं तोडू नका.