परसातील वन्यजीव

भोगावतीकाठचे पेण आणि कुंडलिकेकाठचे रोहा या गावांच्या जुन्या आळ्यांत घरामागे राखलेले परस, म्हणजे विहिरीभोवती नारळ, लिंबू, कढीपत्ता आणि जास्वंद असलेली लहानशी बाग, वन्यजीवांनाही आसरा देते. फुलपाखरांच्या बाबतीत हे विशेष स्पष्ट दिसते; प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांतील मकरंद पिते, परंतु त्याच्या सुरवंटाला ठरावीक झाडांचीच पाने लागतात आणि अशा झाडांना त्याची खाद्यवनस्पती म्हणतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉर्मन लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते, त्यामुळे कुरतडलेली पाने दिसताच औषध फवारणारा बागप्रेमी, नकळत का होईना, त्याची पुढची पिढीच संपवतो.

पक्ष्यांसाठी उन्हाळ्यात उथळ भांड्यात पाणी ठेवावे, मात्र त्यात डासांची पैदास होऊ नये म्हणून ते दररोज बदलावे.

सगळेच पाहुणे सुखाचे नसतात. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेल्या फणसाड अभयारण्याच्या आसपास वानरांना हौसेने खाऊ घालणे म्हणजे शेजाऱ्याच्या कौलांवर आणि भाजीपाल्यावर संकट ओढवणे होय. उंदरांवर जगणारी बिनविषारी धामण सापळ्यांपेक्षा अधिक कामाची असून तिला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तरीही भिंतीलगत रचलेल्या सरपणाच्या ढिगात घोणसही दडू शकते, म्हणून तो ढीग घरापासून दूर ठेवावा आणि साप न ओळखता त्याला हात लावू नये.