शिळेवरचा आकडा

युद्धाची स्मृती ज्याने आपल्या नावातच धारण केली आहे, असे एक गाव सातारा जिल्ह्यात आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात (१९१४-१९१८) या एकट्या गावचे ४६ जवान कामी आले, व त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने तेथे स्मारक उभारले. पुढील युद्धांतही या गावाने माणसे दिली. घरातला एक तरी मुलगा पलटणीत, अशी तेथील रीत.

स्मारकांच्या या प्रथेचे स्वरूप समजून घेणे उद्बोधक आहे. त्या काळी हिंदुस्थानातील अनेक गावांत चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतीत संगमरवरी शिळा बसविण्यात आल्या. मजकूर बहुधा एकाच साच्यातला: या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे तेवढे गावागणिक बदलायचे. नाव मात्र एकाचेही नसे.

हे केवळ काटकसरीपोटी झाले, असे मला वाटत नाही. मेसोपोटेमियात कुत येथे १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या होत्या. अन्नावाचून हाल सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याला शरण जावे लागले. त्या रणभूमीवरील मृतांसाठी बसऱ्याला जे स्मारक झाले, त्यावर साध्या गोऱ्या शिपायाचेही नाव कोरले गेले. हिंदी अधिकाऱ्यांची नावे आली, परंतु हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या! ही विषमता संबंधित आयोगाने २०२१ मध्ये जाहीरपणे मान्य केली. शंभर वर्षांनी का होईना.

मग नावे राहिली कोठे? एक जागा अनपेक्षित आहे. त्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असे. शिळेने गाळलेले नाव असे घरच्या पेटीत सुरक्षित राहिले. अर्थात अडीअडचणीत ते पदक सराफाच्या मुशीत गेले नसेल तर. रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या आपल्या परिसरात कोणाच्या घरी असे पदक असेल, तर ते चिंचेने घासून उजळण्याच्या फंदात पडू नये. आधी भिंग घेऊन त्याची कड वाचावी, आणि वाचलेले नाव शाळेच्या वहीत लिहून ठेवावे.